सिंकखालची चकती

सुऱ्या टोक खाली करून ठेवाव्यात.

डावा डोळा अधिक अडीच. उजव्याचं विचारू नका.

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते, मागच्या खोलीची एका भिंतीवर. भिंत बरी, ती काही विचारत नाही.

निवृत्त होताना हेडमास्तरांनी किल्ल्या परत केल्या, शिट्टी मात्र नाही.

घरजावयाला आणि मांजराला एकच नियम: घरात असावं, पायात येऊ नये.

तवंगाखाली एक वाटाणा, त्याच्या शेजारी लिंबाची बी.

कोटाला चार बटणं होती आणि चारही जागच्या जागी होती.

*

यंत्र पाणी सोडत नसल्यास प्रथम वीजपुरवठा बंद करावा.

वाचत होते हेडमास्तर. स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून, मशीनची पुस्तिका हात लांब करून धरून, मान जराशी डावीकडे कलती ठेवून. करत होता जावई, फरशीवर गुडघे टेकून. त्यांच्या मधे भांडी धुवायचं मशीन दार उघडं टाकून बसलं होतं, दाढ दाखवायला आलेल्या माणसासारखं, आणि त्याच्या तळाशी चार बोटं राखाडी पाणी साचलेलं होतं.

"केला बंद?" मास्तरांनी विचारलं.

"केला."

"झालं म्हणा. झालं म्हटल्याशिवाय मला कसं कळणार?"

"झालं."

मास्तरांच्या घरात प्रत्येक काम असंच व्हायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने करायचं, करणाऱ्याने 'झालं' म्हणायचं आणि मगच पुढचं वाक्य. मधलं गाळायचं नाही, पुढचं आधी करायचं नाही, आणि जे पुस्तकात नाही ते जगात नाही. जावयाची बायको लहानपणी सायकल चालवायलासुद्धा अशीच शिकली होती. बाप फुटपाथवर उभा राहून वाचतोय आणि पोर रस्त्यावर पडत पडत 'झालं, झालं' म्हणतेय. जावयाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. तेव्हा तो या घरात पाहुणा म्हणून यायचा. पाहुण्याला हसू येतं.

मशीन रुसलं ते मंगळवारी. जुनं सिंक गळत होतं म्हणून मास्तरांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने नवं सिंक बसवलं, त्याखालची सगळी प्लॅस्टिकची नळी नवी जोडली आणि मशीनचा पाणी सोडायचा पाइप त्या नळीला पुन्हा लावला. मुलगी मदतीला होती. जावई नव्हता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका चष्म्याच्या दुकानात मुलाखतीला गेला होता. संध्याकाळी तो परत आला तेव्हा लाल दिवा लुकलुकत होता, मशीनच्या पोटात पाणी होतं, आणि निकाल लागलेला होता.

"ताटं खरवडून न ठेवता आत कोंबायची," मास्तर म्हणाले होते, "मग दुसरं काय होणार, जावईबापू?"

ताटं आत लावायचं काम जावयाचं. घरात त्याच्या नावावर असलेलं ते एकच खातं.

*

गाळणी फिरवून बाहेर काढावी व वाहत्या पाण्याखाली धुवावी.

त्याने मगाने पाणी उपसलं, उरलेलं फडक्याने टिपून बादलीत पिळलं. गाळणी डावीकडे फिरवली, उचलली. तिला थोडा चिकटा होता, एका बटाट्याची साल होती. पाणी अडावं असं काही नव्हतं. त्याने ती जुन्या दातघासणीने घासली आणि उजेडाकडे धरली. सवयच होती ती. गाळणीचं छिद्र न् छिद्र मोकळं होतं.

"बघा केवढी घाण," मास्तर खुर्चीतून म्हणाले. त्यांना तिथून घाण दिसणं शक्य नव्हतं. त्यांना तिथून गाळणीसुद्धा धड दिसत नव्हती.

हे जावयाला माहीत होतं, कारण डोळे हा त्याचा धंदा होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. चाकावर कड उतरवायची, चौकटीत बसवून बघायची, केसाएवढी उरली तर पुन्हा चाकावर. मग काचा चौकटीच्या मापाने कापूनच खोक्यातून येऊ लागल्या, आणि दुकानाला त्याची गरज उरली नाही. भाड्याचं घर सुटलं. 'चार महिने बाबांकडे राहू' असं नवराबायकोने ठरवलं, आणि त्या चार महिन्यांना आता तिसरं वर्ष लागलं होतं.

मास्तरांच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय आणि उजव्यावर साय धरू लागलीय, हे त्याने आल्या आल्याच ओळखलं होतं. एकदा जेवताना तो भीत भीत म्हणालाही, की डोळे तपासून घ्या, काचा मी घासून देतो. मास्तरांनी घास पूर्ण चावला आणि मग म्हणाले, "ज्याला स्वतःचं दुकान बुडताना दिसलं नाही, त्याच्या काचा मी डोळ्याला लावू?"

बायको तेव्हा पाणी वाढत होती. तिने सगळ्यांचे पेले भरले.

*

पंपाचे झाकण उघडून पंखा हाताने फिरवून पाहावा.

हे बुधवारी. मंगळवारचं वाक्य मंगळवारी, बुधवारचं बुधवारी; मास्तर थकत.

गाळणीखालच्या खळग्यात एक पांढरं झाकण होतं. ते चिमट्यासारखं दाबून काढलं की आत अंगठ्याएवढा पंखा. त्यात काचेची कपची किंवा काडी अडकली तर तो फिरत नाही, मग पाणी बाहेर ढकलायला कोणी राहत नाही. जावयाने बोट घातलं. पंखा फिरला. अडखळत, टप्प्याटप्प्याने, पण असे पंखे तसेच फिरतात. लिंबाची बी निघाली. ती त्याने बशीत ठेवली.

मास्तरांनी बी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "हीच," ते म्हणाले.

मशीन लावलं. धुतलं, घुसळलं, गुरगुरलं, आणि पाणी पोटात ठेवून बसलं.

"म्हणजे अजून एक असणार," मास्तर म्हणाले, आणि जावयाने पुन्हा बोट घातलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. इथे घडा उताणा होता आणि पाणी काही केल्या जात नव्हतं. त्या आठवड्यात तो एवढा वेळ त्या मशीनसमोर गुडघ्यावर होता, की देव असता तर पावला असता.

*

पुस्तिकेत नाही.

बुधवारी वरच्या खोलीत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तिला सांगितलं: चष्म्याच्या दुकानवाल्याला तो पसंत आहे. तिथे अजून हाताने काचा घासतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांचे डोळे खोक्यातल्या मापाचे नसतात. मालकाच्या ओळखीने सायकलच्या दुकानावर दोन खोल्या मिळतील. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय.

ती नाही म्हणाली नाही. तिने एक शर्ट पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली आणि कोपऱ्यातल्या शेल्फकडे बघितलं. त्या शेल्फला वरची फळी नव्हती. ती बसवायची राहिली होती. बाहेरच्या फाटकाला एका बाजूनेच रंग होता. दुसऱ्या बाजूच्या वेळी पाऊस आला, मग ब्रश वाळला, मग विषयच वाळला. तिला काही बोलायची गरज नव्हती. घरभर त्याची अर्धी कामं उभी होती आणि तीच बोलत होती.

"तिथे जाऊन तेही अर्धंच सुटलं तर?" ती म्हणाली. "मी परत कुठल्या तोंडाने येऊ इथे?"

"नाही सुटणार."

"मग एक करा. हे मशीन तुम्ही सुरू करून दाखवा. एक काम, शेवटपर्यंत. सोमवारी मी येते तुमच्याबरोबर."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

तो त्या रात्री गाढ झोपला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण याला तर अख्खं मशीन मिळालं होतं. ते सुरू झालं की दोन खोल्या, बायको, आणि सकाळी उठून जायला स्वतःचं चाक. एवढं सगळं त्या चार बोटं पाण्याखाली होतं.

*

पाइप कोठे दुमडला असल्यास सरळ करावा.

गुरुवारी मशीन ओढून पुढे घेतलं. मागे धूळ होती, एक हरवलेला चमचा होता, पाइप सरळ होता. शुक्रवारी मास्तरांनी पुस्तिका पहिल्या वाक्यापासून पुन्हा वाचायला घेतली, कारण एखादं 'झालं' मनापासून म्हटलं गेलं नसावं असा त्यांना संशय होता. वीज बंद केली. झालं. गाळणी धुतली. झालं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्या खुर्चीकडे बघावं. मधेच त्यांनी शिट्टीसुद्धा काढली, पाइप सोडून जावई चमच्याकडे बघत बसला होता म्हणून. वाजवली नाही, नुसती ओठांपाशी नेली. जावई बरोबर जागेवर आला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

भांडी सगळी बायको हाताने धूत होती. तिच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. उलट ती गुणगुणत होती.

*

शनिवारी मास्तर केस कापायला गेले आणि पुस्तिका खुर्चीवर पालथी पडून राहिली.

जावयाने तिला हात लावला नाही. त्याने खुर्ची उचलून भिंतीला लावली, स्वयंपाकघर एकदम मोठं झालं. मग तो मशीनकडे बघायचं सोडून विचार करत उभा राहिला. काच चौकटीत बसत नसली, तर दर वेळी काचच चुकलेली नसते. कधी चौकट वाकलेली असते. हे त्याला त्याच्या पहिल्या उस्तादाने शिकवलं होतं आणि या घरात येऊन तो ते विसरला होता, कारण या घरात चुकलेली वस्तू कोण हे आधीच ठरलेलं असायचं.

मशीनने पाणी ढकललं की नाही, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ते ढकलतं कुठे?

तो सिंकखाली शिरला. मशीनचा पाइप नळीच्या एका आखूड फाट्यावर पट्टी आवळून बसवलेला होता. त्याने पट्टी ढिली केली, पाइप उपसला, त्याचं तोंड बादलीत धरलं आणि दुसऱ्या हाताने मशीन चालू केलं. क्षणभर गुरगुर, आणि मग पाणी असं भसकन आलं की बादली सरकली.

मशीन ठणठणीत होतं. आठवडाभर ते पाणी ढकलत होतं आणि समोरून कोणी दारच उघडत नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सगळा आठवडा पोट तपासलं, आणि दुखणं गळ्यात होतं.

त्याने रिकाम्या फाट्यात बोट घातलं. बोट जेमतेम पेरभर आत गेलं आणि टेकलं. त्याने टॉर्च मारला. फाट्याच्या आत प्लॅस्टिकची सपाट भिंत होती, कारखान्यातूनच आलेली. मशीन नसलेल्या घरात पाणी बाहेर येऊ नये म्हणून हा फाटा बंदच विकतात. ज्यांना मशीन जोडायचंय त्यांनी ती चकती कापून टाकायची असते. मास्तरांनी न कापताच पाइप चढवला होता. त्यांना ती दिसली नसणार. तिच्याबद्दल मशीनच्या पुस्तिकेत अक्षर नव्हतं, कारण ती मशीनची नव्हतीच, सिंकची होती.

त्याने धारदार पात्याने कडेकडेने कापायला सुरुवात केली. घाई केली नाही. काचेची कड उतरवावी तसं, हात स्थिर ठेवून, गोल. चकती सुटली आणि तळहातावर पडली. पांढरी, कोटाच्या बटणाएवढी. मधे साच्याचे दोन बारीक ठिपके. त्याने फाट्याची आतली कड बोटाने चाचपली, राहिलेला कंगोरा तासला, पाइप लावला, पट्टी आवळली आणि मशीन पूर्ण चालवलं. शेवटी नळीतून पाणी गेल्याचा आवाज आला. त्याने दार उघडलं. तळ कोरडा होता. त्याने तळाला हात लावून बघितला, आणि मग नुसताच हात तिथे ठेवून बसला.

बायको बाजारातून आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिने दोन्ही हातांतल्या पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि थांबली. तो वळला, हसला, आणि मिटलेली मूठ तिच्यासमोर धरली.

"कापलीत?" ती म्हणाली.

आनंदात माणसाला कमी ऐकू येतं. त्याने मूठ उघडली आणि भडाभडा सगळं सांगितलं: बादली, पाणी, फाटा, चकती. ती ऐकत राहिली. मग तिने त्याची मूठ पुन्हा मिटवली.

"बाबांना नका सांगू."

"का?"

"त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलंय. त्यांना दिसलं नाही असं कसं सांगायचं? या वयात माणूस मोडतो अशाने."

"आणि आठवडाभर माझं काय झालं?"

"तुमचं काय व्हायचंय? सोमवारी जायचंच आहे ना आपल्याला."

आपल्याला. तो शब्द त्याने खिशात टाकला, चकतीबरोबर. एवढं मोठं मिळतंय तर एवढं गिळायला काय हरकत आहे, असं त्याला वाटलं.

*

रविवारी मेहुणी आणि साडू जेवायला आले. भाजलेली कोंबडी होती, बटाटे होते, साडूने आणलेला केक होता. मास्तरांचे केस नीट कापलेले होते आणि ते खुशीत होते. मशीन चालू झालेलं त्यांनी शनिवारीच पाहिलं होतं. त्यांनी ते कसं सुरू झालं हे सगळ्यांना सांगितलं: गाळणी. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाच ती खरी साफ झाली. शिस्त असेल तर मशीनसुद्धा ऐकतं.

"साडूभाऊ," साडू म्हणाला, "काचा घासायची सवय तुम्हाला, ताटं घासायची नाही, हेच झालं म्हणायचं."

सगळे हसले. बायकोही हसली. जावयाने तिच्याकडे बघितलं. तिने साडूच्या ताटात बटाटे वाढले. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. चकतीच्या कडेवर अंगठा फिरवला तर एका जागी खरखर लागत होती, तिथे पातं जरा घसरलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, पण शेवटचा होता. उद्या यातलं कोणी नसेल, असं म्हणत त्याने केक खाल्ला.

जेवण झाल्यावर ताटं त्यानेच मशीनमध्ये लावली. सगळी खरवडून.

*

संध्याकाळी वर खोलीत त्याने दोन्ही बॅगा पलंगावर ठेवल्या. ती खिडकीपाशी उभी राहिली.

"मी नाही येत," ती म्हणाली.

त्याला आधी वाटलं उद्या नाही, परवा येईन म्हणतेय. त्याने तसं विचारलंही. ती म्हणाली, उद्याही नाही आणि परवाही नाही. बाबांचं कोण बघणार.

"बाबा शिट्टी वाजवतील. कोणीतरी येईल धावत."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. इथे माझी माणसं आहेत, माझी खोली आहे, ती सांगत राहिली, शांतपणे, बऱ्याच दिवसांपूर्वी पाठ केल्यासारखं. सायकलच्या दुकानावर मी काय करू? तुम्ही दिवसभर काचा घासणार, आणि मी भिंतीकडे बघणार.

"तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते." तिने पडदा सारखा केला. "तुम्हाला सापडेल असं वाटलं नव्हतं."

त्याला ते भोसकल्यासारखं लागलं. इतकी वर्षं संसार करून हिला आपल्या हातांचा एवढाही भरवसा नाही, असा त्याने त्याचा अर्थ लावला. त्याने एक बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. दुसरीत तो आपले कपडे भरू लागला. ती घड्या करून देत होती, आणि त्या घड्या नेहमीसारख्याच सुरेख होत होत्या.

*

सोमवारी सकाळी त्याने कोट घातला, बॅग दाराशी ठेवली आणि स्वयंपाकघरात गेला. मास्तर चहा घेत होते. रात्रीची भांडी आत होती, मशीन चालू होतं. बायको सिंकपाशी पाठमोरी उभी होती.

न सांगायचं बंधन सुटलं होतं. ज्याच्या बदल्यात तोंड मिटलं होतं ते मिळालंच नव्हतं. त्याने खिशातून चकती काढली आणि मास्तरांच्या बशीत ठेवली.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच बघा."

मास्तरांनी चकती उचलली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, मान डावीकडे कलती केली. जावई वाट बघत राहिला. त्याला वाटलं आता उजेड पडेल. मग एक शब्दही बोलायला लागणार नाही.

"बटण आहे," मास्तर म्हणाले. "कुणाचं?"

जावयाने सिंककडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याच्या तोंडून कोणी ऐकणार नव्हतं. ते तिनेच म्हणायला हवं होतं. तिने नळ बंद केला. मागे वळली नाही.

"यांच्या कोटाचं असेल, बाबा."

मास्तरांनी बटण बशीतून त्याच्याकडे सरकवलं. आवाज मऊ होता. जाणाऱ्या मुलाला शाळेच्या फाटकाशी निरोप देताना असतो तसा. "शिवून घ्या, जावईबापू. कामाच्या पहिल्या दिवशी असं तुटकं जाऊ नये."

जावयाने कोटाकडे बघितलं. मग चकती उचलून खिशात टाकली, बॅग घेतली आणि दार हळूच लावलं. त्या घरात दार आपटायचा हक्क फक्त घरच्यांना होता. तो पायऱ्या उतरेपर्यंत मागे मशीनने पाणी सोडलं. भिंतीतल्या नळीतून ते सरळ, न अडखळता खाली गेलं.

*

सिंक बसवलं त्या मंगळवारी सकाळी त्याची नवी नळी आणायला बायको एकटीच गेली होती, आणि मशीन जोडायचं असेल तर आतली चकती कापावी लागते, हे दुकानदाराने तिला त्या चकतीवर बोट ठेवून दाखवलं होतं.